क्लच दाबूनही आखडणारी ऑल व्हील ड्राइव्ह गाडी आणि दुखणं नेमकं शोधणारं गॅरेज

ऑल व्हील ड्राइव्ह, त्यात मॅन्युअल गिअरबॉक्स, आणि गाडी वळताना आखडायला लागलीय असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे, बाकीच्यांनी टाइमपास म्हणून वाचा. रिव्ह्यू एका ड्राइव्हट्रेनवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या लाइनचं काम करणाऱ्या गॅरेजच्या डायग्नोसिसचा आहे. हे लोक गिअरबॉक्स, डिफरन्शियल (वळताना चाकांना कमी जास्त वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा, पुढे नुसतं डिफ म्हणतो), ट्रान्सफर केस (पुढच्या मागच्या चाकांत जोर वाटणारा डबा) एवढंच करतात, सर्व्हिसिंग नाही, डेंटिंग पेंटिंग नाही, एसी नाही. नाव टाकत नाहीये कारण नाव टाकलं की लगेच जाहिरात जाहिरात म्हणून बोंब होते, आणि मला सांगायचंय ते त्यांच्या तपासायच्या पद्धतीबद्दल, ती कुठल्याही गॅरेजकडून मागून घेता येते.

आधी स्टार देऊन टाकतो. डायग्नोसिसला ५ पैकी ५, कामाला साडेचार, आणि फोन उचलणं, वेळ पाळणं, बिल समजावून सांगणं या सगळ्याला मिळून २, तेही मूड चांगला आहे म्हणून.

गाडी सेकंडहँड घेतलेली. लक्षण असं की सपाट कोरड्या रस्त्यावर स्टिअरिंग पूर्ण कापलं की गाडीला कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं व्हायचं, ॲक्सिलरेटर थोडा जास्त द्यायला लागायचा आणि मग टायर टुक टुक करत उड्या मारायचे, पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना तर फारच. सकाळी गाडी थंड असताना काहीच नाही, एकदम शहाण्यासारखी वळायची, पण हायवेवर तास दीड तास चालवून आलो आणि यू टर्न मारला की सुरू. पाऊस पडून रस्ता ओला असला तर पुन्हा गायब. जो कोणी मेकॅनिक सकाळी चेक करणार त्याला काही सापडणार नाही हे उघड आहे, आणि नेमकं तेच झालं.

आधीच्या गॅरेजचं पण सांगतो, नाव त्यांचंही नाही. त्यांनी पहिल्यांदा स्कॅनर लावला, एकही कोड नाही, म्हणून म्हणाले गाडी ओके आहे. अरे पण माझ्या गाडीसारख्या या टाइपच्या मॅन्युअलमध्ये मधलं कपलिंग (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे बसणारा दाट द्रवाचा डबा, व्हिस्कस कपलिंग) पूर्ण मेकॅनिकल असतं, त्याला ना सेन्सर ना वायर, मग कोड येणार कुठून? मग म्हणाले क्लच प्लेट गेली. मग म्हणाले सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा सांधा, आणि पुढचा एक ड्राइव्ह शाफ्ट बदललासुद्धा. मग गिअरबॉक्सचं आणि मागच्या डिफचं ऑइल बदललं आणि म्हणाले आता चालवून बघा, हळूहळू जाईल. हळूहळू काही गेलं नाही, पैसे मात्र भराभर गेले.

तर हे दुसरं गॅरेज. पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे तिथले मोठे मिस्त्री, सगळे त्यांना काका म्हणतात, त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं की गाडी गरम झाल्यावर होतं का थंड असताना पण. मी म्हटलं गरम झाल्यावर. मग विचारलं, "क्लच दाबला की थांबतं का?" आता हे मला आधी कुणीच विचारलं नव्हतं. ते म्हणाले गाडी आत्ता सोडून जाऊ नका, एक चांगला लांब राउंड मारून गरम करून आणा, मग बघू. इथेच मला कळलं की माणूस कामाचा आहे.

गरम गाडी घेऊन आल्यावर त्यांच्या सपाट काँक्रीटच्या आवारात काका स्वतः बसले, मी बाजूला. पहिला गिअर, स्टिअरिंग फुल लॉक, गाडी चालण्याच्या वेगाने गोल गोल. उड्या सुरू झाल्या. मग त्यांनी चालत्या गाडीत क्लच पूर्ण दाबला. इंजिन सुटलं म्हणजे गाडीने खरं तर सावकाश घरंगळत जायला पाहिजे, इथे ती दोन टुक टुक करून जागीच थांबली आणि थांबल्यावर किंचित मागे झुलली, म्हणजे शाफ्टमध्ये भरलेला पीळ सुटला. काका म्हणाले, "बघा, क्लच दाबलेला आहे, तरी हिसका आहेच. म्हणजे इंजिन नाही, क्लच नाही, गिअर पण नाही. जे काही आहे ते गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून चाकांपर्यंत आहे." एका पायाच्या दाबाने अर्धी गाडी संशयातून बाहेर काढली राव. मॅन्युअलचा हा मोठा फायदा आहे, इंजिन आणि बाकीची लाइन पायाने वेगळी करता येते.

उलटी बाजू पण आहे. काही जुन्या ऑटोमॅटिक ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ बऱ्याच जुन्या सुबारूंमध्ये, एक फ्यूज लावला की मागच्या चाकांची पॉवर बंद होते आणि त्याने लगेच टेस्ट होते. बहुतेक मॅन्युअल सुबारूंमध्ये व्हिस्कस कपलिंगवालं सेंटर डिफरन्शियल असतं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधलं डिफ, त्यात असला फ्यूज बिज काही नाही. हॅल्डेक्स नावाचं कपलिंग असलेल्या गाड्यांमध्ये ते इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवर चालतं, तिथे कनेक्टर काढून बघता येतं आणि ऑइल, फिल्टर, पंप हे पण आधी बघावं लागतं. आणि जिम्नीसारखी पार्ट टाइम फोर बाय फोर असेल तर तिच्यात सेंटर डिफ नसतंच, कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळलात तर ती आखडणारच आणि लिव्हरसुद्धा अडकून बसेल, तो बिघाड नाही, टू व्हीलवर घ्या आणि गप चालवा. तेव्हा आपली सिस्टिम कुठली आहे हे आधी बघा, नाहीतर दुसऱ्याच्या गाडीचा इलाज आपल्या गाडीला होतो.

आखडतं का, ते काकांनी खडूने जमिनीवर काढून दाखवलं. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठ्या गोलातून जातात आणि मागची लहान गोलातून. समजा व्हीलबेस २.६ मीटर आणि मागच्या ॲक्सलचा मध्य ४.५ मीटर रेडियसवर फिरतोय, तर पुढच्या ॲक्सलचा मध्य साधारण ५.२ मीटरवर फिरतो. एक पूर्ण गोल मारला की मागचा ॲक्सल २८.३ मीटर चालला आणि पुढचा ३२.७ मीटर, म्हणजे ४ मीटरच्या वर फरक, चाकाचे दोन फेरे. हा फरक कुठेतरी जिरला पाहिजे, तो जिरवायला सेंटर डिफरन्शियल. ते जर आतून जाम झालं तर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बघतात, चाकांना ते जमत नाही, शाफ्टला पीळ बसतो, पीळ टायरच्या ग्रिपपेक्षा जास्त झाला की टायर घसरतो, पीळ सुटतो, पुन्हा बसतो. तीच ती टुक टुक. ओल्यात किंवा खडीवर टायर आधीच घसरतो म्हणून पीळ बसतच नाही.

आवाराच्या एका कडेला त्यांनी खडी पसरून ठेवलीय, मुद्दाम ठेवलीय का अशीच पडलीय देव जाणे, पण लगेच गाडी तिथे नेऊन तोच गोल मारला. एकदम गुळगुळीत. सीव्ही जॉइंट गेलेला असता तर खडीवर पण कट कट आलीच असती, आणि सीव्हीचा आवाज वळताना पॉवर दिली की येतो, गाडी धरून ठेवल्यासारखं त्याने होत नाही. म्हणजे माझा आधीचा ड्राइव्ह शाफ्ट फुकटच बदलला गेला, तो जुना मी अजून ठेवलाय, रबरी बूट पण फाटलेला नाही त्याचा.

यानंतर मला वाटलं की आता गिअरबॉक्स उघडायला घेतील. नाही घेतला. म्हणाले आधी ब्रेक आणि टायर. परत थोडं चालवून आणली, जोरात ब्रेक न मारता, आणि इन्फ्रारेड थर्मामीटर चारही डिस्कवर मारला. तीन जवळपास सारख्या आणि मागची डावी चांगलीच गरम. जॅकवर घेऊन हाताने चाक फिरवलं तर घासत होतं, कॅलिपरची स्लाइड पिन सुकून अडकलेली. साफ केली, ग्रीस लावलं, चाक मोकळं झालं. आता दुसरं कुठलं गॅरेज असतं तर म्हणालं असतं झालं काम, ब्रेकच धरत होता. इथे पुन्हा गरम करून पुन्हा गोल मारला आणि बघितलं की उड्या तशाच आहेत. ब्रेक धरलेला असेल तर गाडी सरळ जाताना पण जड वाटते, फक्त वळताना नाही. तो वेगळा रोग होता, सापडला ते बरं झालं, पण आपल्या दुखण्याशी त्याचा संबंध नव्हता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच टेस्ट करायची हे मला इतकं आवडलं, कारण आधीच्या लोकांनी तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि कशाने काय झालं ते त्यांनाच सांगता येत नव्हतं.

मग टायर. हा भाग खरा मसाला आहे.

माझ्या गाडीला २०५/५५ आर १६ टायर, चारही एकाच साइझचे, त्यामुळे बघितलं की कुणीही म्हणणार ठीक आहे. पण आधीच्या मालकाने मागचे दोन नवे टाकले होते आणि पुढचे जुनेच ठेवले होते, ब्रँड पण वेगळा. हाताखालच्या पोराने डेप्थ गेज लावला तर पुढच्या आणि मागच्या ट्रेडमध्ये, म्हणजे टायरच्या नक्षीच्या खोलीत, साधारण ३ मिमीचा फरक. मला वाटलं ३ मिमीने काय होतंय. तर या साइझच्या टायरचा घेर कागदावर १९८५ मिमीच्या आसपास येतो. ट्रेड ३ मिमी कमी म्हणजे व्यास ६ मिमी कमी, म्हणजे घेर जवळपास १९ मिमी कमी, साधारण १ टक्का. नवं चाक किलोमीटरला ५०४ फेरे मारतं आणि जुनं ५०९. पाच फेऱ्यांचा फरक. माझ्या गाडीचा फायनल ड्राइव्ह रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) ४.१११ आहे, म्हणजे सेंटर डिफच्या पातळीवर हा फरक दर किलोमीटरला २० फेऱ्यांचा होतो. ८० च्या स्पीडला मिनिटाला २६ फेरे. सरळ रस्त्यावर, सतत.

आता मजा बघा. पार्किंगमध्ये फुल लॉकवर ताशी १० किमीने वळताना पुढच्या मागच्या शाफ्टमधला फरक मिनिटाला ५० फेऱ्यांच्या आसपास येतो, पण तो काही सेकंद. टायरमुळे आलेला फरक त्याच्या निम्मा, पण तासन् तास. कपलिंगला वळणाने काही होत नाही, ते त्यासाठीच बनवलंय, त्याला मारतो तो हायवे. म्हणूनच सुबारूसारखी कंपनी सांगते की चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे सव्वासहा मिमीपेक्षा जास्त फरक नको. माझ्या गाडीत त्याच्या तिप्पट होता.

गेजवर भरवसा न ठेवता त्यांनी खडूने टायरवर एक खूण आणि जमिनीवर एक खूण केली, गाडी सरळ ढकलत नेली चाकाचे मोजून पाच फेरे होईपर्यंत आणि जमिनीवर परत खूण, मग टेपने अंतर. पुढचं आणि मागचं. गाडीचं वजन टायरवर असताना खरा घेर कळतो, नुसता टेप गुंडाळून नाही कळत. त्याआधी चारही टायरची हवा सारखी केली, रेडियल टायरमध्ये हवेने घेर फार बदलत नाही पण मापताना कारणं शिल्लक ठेवायची नाहीत असं काकांचं म्हणणं. ज्यांच्या गाडीला एबीएस आहे त्यांना अजून एक सोपा मार्ग, स्कॅनरवर चारही चाकांचा लाइव्ह स्पीड लावा आणि सरळ रस्त्यावर एका स्पीडने जा. पोराने ते पण करून दाखवलं, ८० ला पुढची चाकं मागच्यांपेक्षा पाऊण किलोमीटरच्या आसपास जास्त दाखवत होती. म्हणजे बघा, तोच स्कॅनर, फक्त कोड वाचायच्या ऐवजी डेटा वाचला.

अजून एक शंका त्यांनी काढली जी माझ्या डोक्यात पण आली नव्हती. सेकंडहँड गाडी आहे, कुणी मागचं डिफ किंवा गिअरबॉक्स बदलून वेगळ्या रेशोचा टाकलाय का? ३.९ आणि ४.१११ बाहेरून एकसारखे दिसू शकतात. तसं असेल तर मधे ५ टक्क्यांचा फरक पडतो आणि सरळ चालतानासुद्धा मधलं कपलिंग सतत भाजत राहतं. मागची दोन्ही चाकं वर घेऊन, एक चाक धरून, प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या डिफकडे जाणारा लांब दांडा) खूण करून फेरे मोजले. एक चाक धरलेलं असलं की दुसरं दुप्पट फिरतं हे लक्षात ठेवायचं, नाहीतर हिशोब अर्धा येतो. ४.१११ च निघालं. त्याच वेळी एक चाक फिरवलं तर दुसरं उलटं फिरतंय हे पण बघितलं, म्हणजे मागचं डिफ ओपन आहे आणि मोकळं आहे. काही गाड्यांत मागे प्लेटवालं लिमिटेड स्लिप असतं आणि त्यात बरोबर ॲडिटिव्ह असलेलं ऑइल नसलं तर वळताना अगदी असाच थरथराट येतो, तिथे मात्र ऑइल बदलून खरंच फरक पडू शकतो. माझ्यात ते नव्हतंच.

आता मुख्य टेस्ट. गाडी गरम असतानाच पुढचं एक चाक जॅकवर, बाकी तीन जमिनीवर, त्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक, आणि गिअर न्यूट्रलला. न्यूट्रल महत्त्वाचं आहे, गिअरमध्ये ठेवून ही टेस्ट केली तर चांगली गाडी पण जाम दाखवेल आणि तुम्ही उगाच रडत बसाल. मग हबच्या नटवर डायलवाला टॉर्क रेंच लावून काकांनी सावकाश, सारखा जोर दिला. व्हिस्कस कपलिंग चांगलं असेल तर चाक घट्ट मधात चमचा फिरवल्यासारखं हळू पण न थांबता फिरत राहतं, जोर वाढवला तर थोडं जास्त वेगाने. माझं चाक थोडं फिरलं, काटा वर चढत गेला, चाक थांबलं, आणि रेंच सैल सोडला तसं चाक परत मागे आलं. मला करायला दिलं, मी पण केलं, हातात स्पष्ट जाणवत होतं की समोर द्रव नाहीये, लोखंडाला लोखंड लागलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गार असताना तीच टेस्ट परत केली तर चाक फिरत होतं, जड होतं पण फिरत होतं. थंड आणि गरमचा फरक असा रेंचवर दिसला तेव्हा वाद संपला. पहिल्या पिढीच्या फ्रीलँडरवाल्यांना हे एक चाक उचलायचं प्रकरण चांगलं माहीत असेल.

आतली भानगड अशी की या कपलिंगमध्ये दोन जातीच्या पातळ छिद्रवाल्या प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात, एक जात बाहेरच्या हाउसिंगला आणि दुसरी आतल्या शाफ्टला, मधे सिलिकॉनचा दाट द्रव आणि थोडीशी हवेला जागा. फरकाने फिरल्या की द्रव घुसळून गरम होतो, फुगतो, हवेची जागा भरून जाते, प्रेशर वाढतं आणि प्लेटा एकमेकींना चिकटायला बघतात. चिखलात चाक फिरत असेल तेव्हा हेच पाहिजे असतं. पण सारखं सारखं भाजत राहिलं तर द्रव खराब होतो आणि मग थोड्याशा गरमीत पण ते लॉक व्हायला लागतं. आणि हा डबा सीलबंद असतो. गिअरबॉक्सचं ऑइल त्याच्या बाहेरून फिरतं, आत जात नाही, त्यामुळे तुम्ही ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल टाका नाहीतर गंगाजल टाका, कपलिंग सुधारणार नाही. आधीच्या गॅरेजने ऑइल बदलून बघा म्हणताना हे सांगायला पाहिजे होतं.

शेवटी उघडायच्या आधी अजून एक खात्री. मागचा प्रोपेलर शाफ्ट काढला. काढल्यावर गिअरबॉक्सच्या मागून ऑइल गळतं, ते येणार म्हणून पोराने आधीच बूच तयार ठेवलं होतं, असल्या गोष्टीवरून कळतं की यांनी हे आधी केलंय. मग गरम गाडी सपाटीवर पहिल्या गिअरमध्ये हलकेच सोडली. मागचा शाफ्ट नसताना चांगल्या कपलिंगवर गाडी नाखुशीने, रडत रडत पुढे सरकली पाहिजे. माझी एकदम फ्रंट व्हील ड्राइव्हसारखी निघाली. आणि फुल लॉकवर वळवली तर एक उडी नाही. दोन्ही उत्तरं एकाच दिशेला. ही टेस्ट घरी रस्त्यावर करू नका, काकांनी पण आवाराच्या बाहेर जाऊ दिली नाही, कारण सगळा जोर कपलिंगमधूनच जातो आणि चांगलं कपलिंग पण त्याने भाजून निघेल. याच कारणाने त्यांनी गाडी दोन चाकांच्या ब्रेक टेस्टिंग रोलरवर घालायला साफ नकार दिला होता, आणि गाडी बंद पडली तर टो करताना दोन चाकं उचलून नेऊ देऊ नका, फ्लॅटबेडच मागवा असं बजावलं.

काम कसं झालं ते थोडक्यात. गिअरबॉक्स पूर्ण उतरवायला लागला नाही, मागचं हाउसिंग काढून सेंटर डिफचं युनिट बाहेर आलं. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर करडी पेस्ट होती, ती चालते, चकत्या किंवा सुया दिसल्या असत्या तर बेअरिंगपर्यंत जावं लागलं असतं. नवीन युनिट पूर्ण टाकलं, सेकंडहँड मिळत होतं पण काका म्हणाले कुणाच्या गाडीत किती भाजून निघालंय ते बाहेरून कळत नाही, आणि ते मला पटलं. बसवताना शिम (फट भरायची पातळ चकती) मोजून क्लिअरन्स सेट केला, जुनीच शिम तशीच टाकून दिली नाही. आणि मुख्य म्हणजे चारही टायर एकाच ब्रँडचे एकाच मॉडेलचे नवे घेतल्याशिवाय गाडी देणार नाही असं स्पष्ट सांगितलं. मला राग आला होता, मागचे दोन जवळपास नवे होते हो, पण जुन्या टायरवर नवीन कपलिंग चालवलं तर परत त्याच रांगेत उभं राहायचं, म्हणून घेतले. स्टेपनी पण त्याच साइझची आहे का ते बघून घ्या, लहान स्टेपनी असेल तर ती लावून लांब जायचं नाही.

आता गाडी गरम असो थंड असो, फुल लॉकवर क्लच दाबला की घरंगळत जाते. हायवेवर पण थोडी हलकी वाटते, ॲव्हरेजमध्ये फरक पडला म्हणणार नाही, तसं मोजलेलं नाही.

तक्रारी आता. एक, वेळ. डायग्नोसिसला गाडी ठेवून घेतात आणि मग तुमची गाडी कुठल्या स्टेजला आहे हे कळायला तिथे जाऊन उभं राहावं लागतं, फोन लागत नाही, लागला तर पोरगा उचलतो आणि म्हणतो काका गाडीखाली आहेत. काका कायम गाडीखालीच असतात. दोन, डायग्नोसिसचे तासावर वेगळे पैसे घेतात आणि हे आधी सांगत नाहीत. पैसे घेण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, उलट मी तर म्हणेन की या कामाचे घ्याच, आधी सांगा फक्त. बिलात एक ओळ, "तपासणी", आणि समोर आकडा. एवढं सगळं मोजलं, घेर, डिस्कचं टेंपरेचर, टॉर्क रेंचची रीडिंग थंड आणि गरम, ते सगळं पोराच्या वहीत आहे आणि मला त्याचा एक कागद मिळाला नाही. मागितल्यावर वहीचा फोटो काढू दिला, अक्षर असं की डॉक्टर बरे. गाडी उद्या विकायची म्हटली तर घेणाऱ्याला दाखवायला नीट रिपोर्ट पाहिजे ना.

तीन, जुनं युनिट मागितल्याशिवाय देत नाहीत. मी मागितलं, दिलं, व्हाइसमध्ये धरून फिरवून पण दाखवलं. तुम्ही गेलात तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर भंगारात जातं.

आणि हो, टायर बसवल्यावर अलाइनमेंट ते करत नाहीत, ती बाहेरून करून घ्यावी लागते, आणि जिथे कराल तिथे आधी सांगा की गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे. रोटेशन वेळेवर करायचं म्हणजे चारही सारखे झिजतील, काकांनी ८ ते १० हजार किलोमीटरला एकदा म्हटलंय, आणि तेव्हा गाडी आणली तर खडूने घेर परत मोजून देतो म्हणालेत, त्याचे पैसे घेणार का ते मात्र विचारून घेणार आहे.